मी पुन्हा शिकायला जाते आहे

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

पियानोच्या मास्टर्सला प्रवेश मिळाल्याचं फोनवर कळवलं तेव्हा तुम्ही दोघं मनापासून बोललात. मग बाबांनी विचारलं, "पण इतकी वर्षं वाजवतेस, आता आणखी काय शिकायचं राहिलं?" फोनवर मला धड सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मला वाजवता येतं, हे खरं आहे. पण बराच काळ मी आहे तिथंच आहे. एका टप्प्यानंतर आपलं वाजवणं आपल्यालाच ऐकू येईनासं होतं. जे मनात वाजत असतं तेच पियानोतून निघतंय असं वाटत राहतं. रेकॉर्डिंग ऐकलं की कुठंतरी बिघडतंय एवढं कळतं, पण का बिघडतंय ते कळत नाही. ते सांगणारं माणूस शेजारी बसलेलं लागतं, तेही दर आठवड्याला. परफॉर्मन्समधलं मास्टर्स मुख्यतः त्यासाठी असतं. आठवड्याला एक तास आपण आणि आपले गुरू, आणि उरलेला आठवडा त्या तासाची तयारी. बाकीचे विषयही असतातच: चेंबर म्युझिक म्हणजे मोजक्या वादकांनी मिळून वाजवणं, गायकांना साथ, संगीताचा इतिहास, शिवाय सगळ्या विद्यार्थ्यांनी एकमेकांसमोर वाजवायचा तास. शेवटी प्रबंधाच्या जागी साधारण तासाभराचा जाहीर रिसायटल, म्हणजे एकटीनं वाजवायचा कार्यक्रम, होतो. परीक्षक श्रोत्यांतच बसलेले असतात.

त्या एका तासात काय घडतं ते सांगते. ज्यांच्याकडे मी शिकणार आहे त्या मॅडमनी प्रवेशाआधी मला एकदा शिकवणीला बोलावलं होतं. मी संगीतकार शूबर्टचा शेवटचा सोनाटा (अनेक खंडांची मोठी रचना), सूचीतला क्रमांक डी ९६०, नेला होता. त्यानं तो सप्टेंबर १८२८ मध्ये पूर्ण केला आणि नोव्हेंबरमध्ये तो गेला, वय अवघं ३१. सुरुवातीला प्रार्थनेसारखी संथ चाल येते आणि आठव्या बारमध्ये, म्हणजे मात्रांच्या आठव्या गटात, डाव्या हाताला, अगदी खालच्या स्वरांत, एक ट्रिल येते. दोन शेजारचे स्वर भराभर हलवायचे, तेही अतिशय हळू आवाजात. कागदावर ती एवढीशी दिसते. मी वाजवून पुढे निघाले, तर मॅडमनी हात वर केला. तासाचा मोठा भाग आम्ही त्या एका ट्रिलवर घालवला.

आधी त्यांनी माझं मनगट धरलं आणि बोटं पट्ट्यांवरून उचलूच नकोस म्हणाल्या. ग्रँड पियानोत पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच स्वर पुन्हा वाजवता येतो. ही योजना पियानो बनवणारे एरार यांची, १८२१ ची, म्हणजे हा सोनाटा लिहिला गेला तेव्हा ती जेमतेम सात वर्षांची होती. तिचा फायदा घेतला की हातोडी तारेच्या जवळच राहते, ठोका ऐकू येत नाही आणि नुसता कंप उरतो. हे मला तोंडी ठाऊक होतं, बोटांना ठाऊक नव्हतं. मग त्यांनी विचारलं, ही ट्रिल तुला चालीचा भाग वाटते की बाहेरून आल्यासारखी? मला उत्तर सुचेना. त्या म्हणाल्या, पुढची पानं बघ, हीच ट्रिल एकदा प्रचंड मोठ्या आवाजात येते. ती जागा या मूव्हमेंटचा, म्हणजे खंडाचा, सुरुवातीचा भाग पुन्हा वाजवायचा असेल तरच लागते. पुष्कळ मोठे वादक ती पुनरावृत्ती गाळतात, कारण एवढी एकच मूव्हमेंट त्यामुळे वीस मिनिटांपर्यंत जाते. पण गाळली की तो गडगडाट श्रोत्याच्या कानावर कधीच पडत नाही. तू काय करशील? दोन्ही तऱ्हेनं वाजवून ये आणि मग मला सांग.

बाबा, शिकायचं राहिलं आहे ते हे. माझ्या एकटीच्या रियाजात हा प्रश्न मला पडलाच नसता.

म्हणूनच जास्त नावाजलेली संस्था सोडून मी ही निवडली. आपल्याकडे अमुक कॉलेजात शिकलो असं न सांगता अमुक बुवांकडे शिकलो असं सांगतात, पियानोतही थेट तसंच आहे. बीथोव्हेनकडे चेर्नी शिकला, चेर्नीकडे लेशेटित्स्की, त्याच्याकडे श्नाबेल आणि श्नाबेलकडे अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर. फ्लायशर यांनी १९५९ पासून बाल्टिमोरच्या पीबॉडी या संगीतसंस्थेत शिकवलं आणि ते २०२० साली गेले. म्हणजे बीथोव्हेनपासून आपल्या काळापर्यंत मध्ये फक्त चार माणसं. मला या साखळीचा विचार केला की फार आधार वाटतो.

आई, तू माझ्या हातांची काळजी करतेस. ती उगाच नाही. फ्लायशर यांच्याच उजव्या हाताची दोन बोटं १९६० च्या दशकात आपोआप आत वळू लागली आणि पुढची तीसेक वर्षं ते दोन्ही हातांचं संगीत जवळजवळ वाजवू शकले नाहीत. त्या काळात ते डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवत राहिले. रॅव्हेलचा कॉन्चेर्टो, म्हणजे ऑर्केस्ट्रासोबत वाजवायची रचना, त्यातलाच. तो पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पॉल विटगेनश्टाइनसाठी लिहिलेला. फ्लायशर यांनी शिकवणंही सोडलं नाही आणि १९९० च्या दशकात ते पुन्हा दोन्ही हातांनी वाजवू लागले. हे तुला घाबरवायला लिहीत नाही. पूर्वी दुखणं लपवायची रीत होती, आता त्यावर उघड बोललं जातं, आणि मॅडमचा पहिला नियमच आहे की दुखलं की थांबायचं आणि त्याच दिवशी सांगायचं. मी दिवसाला चार तास वाजवेन, मध्ये विश्रांती घेऊन. बाकीचा अभ्यास पियानोपासून लांब, नुसती स्वरलिपी वाचत.

प्रवेशपरीक्षा कशी झाली ते तुम्हाला नीट सांगितलंच नाही. आधी रेकॉर्डिंग पाठवायचं, प्रत्येक रचना सलग, जोडकाम न करता. त्यातून निवड झाली की प्रत्यक्ष बोलावणं. बाखचा प्रेल्यूड आणि फ्यूग, एक पूर्ण सोनाटा, एक एट्यूड म्हणजे तंत्राचा कस पाहणारी छोटी रचना, एक मोठी रोमँटिक रचना आणि विसाव्या शतकातलं काहीतरी, सगळं पाठ. परीक्षक मध्येच थांबवतात आणि भलत्याच जागेपासून सुरू करायला सांगतात. मला फ्यूगच्या मधूनच सुरू करायला सांगितलं; फ्यूगमध्ये एकाच वेळी अनेक स्वतंत्र चाली, म्हणजे 'आवाज', एकमेकांत गुंफलेल्या असतात. हात क्षणभर गार पडले, पण चारही आवाज डोक्यात वेगवेगळे होते, सापडले.

आता पैशांचं आणि पुढचं. फी न घेणाऱ्या संस्था आहेत, फिलाडेल्फियाची कर्टिस १९२८ पासून घेत नाही, पण तिथल्या जागा मोजक्याच. मला फीत सवलत मिळाली आहे आणि तिच्या बदल्यात मी गायनाच्या विद्यार्थ्यांना साथ करायची आहे. ते काम मला ओझं वाटत नाही. गायक श्वास कुठं घेतो हे कळल्याशिवाय पियानोवर सुरांचं वाक्य कुठं तोडायचं ते कळत नाही, असं माझं मत आहे. राहण्याचा खर्च माझ्या साठवलेल्या पैशांतून भागेल. तुमच्या ठेवींना हात लावायचा नाही, यावर मी ठाम आहे.

नोकरीची हमी नाही, हे स्पष्ट सांगते. व्हायोलिनवाल्याला निदान ऑर्केस्ट्रात जागा शोधता येते, पियानोला तिथं कायमची खुर्ची क्वचितच असते. बहुतेक पियानोवादक साथ, शिकवणं आणि छोट्या मैफली जोडून जगतात. अनेक ठिकाणी विद्यापीठात शिकवायचं तर पुढं डॉक्टरेटही करावी लागते. मी शिकवत आलेच आहे आणि शिकवतच राहीन, यात मला कमीपणा वाटत नाही. पण जे मुलांना देते ते आधी माझ्याकडे पुरेसं हवं.

तुम्हाला सोडून लांब जाण्याचं मात्र मला जड जातं आहे. तुम्ही दोघं "आमचं काय, आम्ही ठीक" म्हणता, त्यावर माझा विश्वास नाही. दादाशी बोलले आहे. औषधं आणि तपासण्या तो पाहील आणि दर रविवारी मला कळवेल. तुम्ही त्याला "तिला सांगू नकोस" म्हणायचं नाही, एवढं वचन मला हवं.

आणि आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन. पहिलं वर्ष संपलं की मला तीन महिने सुट्टी असते आणि त्या काळात मी साथीचं काम घेतलेलं नाही. बाबा, डॉक्टरांना विचारून तारीख त्या सुट्टीच्या पहिल्या आठवड्यातली घ्या, म्हणजे नंतरचे व्यायाम मी स्वतः करून घेईन. तोवर थांबणं चालेल का, हेही विचारा. चालणार नसेल तर लगेच कळवा. प्रवेश एका सत्रानं पुढं ढकलता येतो, मी कार्यालयात विचारून ठेवलं आहे.

तुमची,
धाकटी