अव्यास पत्र : काकूंना आलेच हिमनदी दाखव

ठाणे

प्रिय अव्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी लोकलमध्ये लोंबकळत होतो, धड बोलता आलं नाही. काकूंना घेऊन जुलैमध्ये स्वित्झर्लंडला निघालायस हे ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! इंटरलाकेनला चार दिवस मुक्काम आणि त्यात काय काय पाहायचं, असं विचारलंस. मागच्या वर्षी अप्पांना घेऊन मी तिथेच आठवडाभर होतो, तेव्हा सगळं सविस्तरच लिहितो.

सगळे तुला युंगफ्राउयोख सांगतील. जाच. ३,४५४ मीटरवरचं ते युरोपातलं सर्वांत उंच रेल्वे स्थानक आहे. पण माझी चूक तू करू नकोस. तिकीट आधीच काढून ठेवलं म्हणून आम्ही ढगाळ दिवशी वर गेलो आणि काचेपलीकडे नुसतं पांढरं बघून परत आलो. सकाळी उठल्यावर वरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र मोबाइलवर बघायचं, आकाश मोकळं असेल तरच तिकीट काढायचं. हाफ फेअर कार्ड घेतलंस तर या महागड्या तिकिटाचेही निम्मेच पैसे पडतात.

दोन दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो, आणि त्या प्रवासात अप्पांचा चेहरा बघण्यासारखा होता. इगतपुरीच्या रेल्वे कॉलनीत आपण दोघं बँकर इंजिनांच्या शिट्ट्या ऐकत वाढलो. थळ घाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट, तरी गाडीला मागून इंजिनं लावावी लागतात. इथे काही ठिकाणी ४ फुटांना १ फूट चढ आहे! दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी आणि गाडीखाली तिच्यात बसणारं दातेरी चाक, त्यावर गाडी वर सरकते. उतरणारी गाडी ब्रेक लावताना वीज तयार करते आणि ती तारेत परत सोडते, हे कळल्यावर अप्पा बराच वेळ काही बोललेच नाहीत. आयगर आणि म्योंख या दोन डोंगरांच्या पोटातून सुमारे ७ किलोमीटरचा बोगदा, आणि या रेल्वेच्या कामाला सुरुवात १८९६ साली! ज्यांच्या डोक्यातून हे निघालं ते आडोल्फ ग्युयर-त्सेलर १८९९ मध्येच वारले; गाडी वर पोचली १९१२ साली. जाताना वेंगेन, क्लाइन शाइडेग अशी हळूहळू चढणारी वाट धर, म्हणजे विरळ हवेची काकूंना सवय होईल. उतरताना आयगरग्लेचरहून ग्रिंडेलवाल्डला रोपवे आहे, पंधरा मिनिटांत खाली.

लाउटरब्रुनेनच्या दरीला मात्र एक अख्खा दिवस दे. आपल्या सह्याद्रीच्या दऱ्या पाण्याने कापलेल्या, ही हिमनदीने खरवडलेली. म्हणून तळ सपाट आणि दोन्ही बाजूंना सरळसोट कडे. श्टाउबबाख धबधबा जवळजवळ ३०० मीटरवरून पडतो, पण वाऱ्याने त्याची धूळ होते. नावाचा अर्थही तोच, धुळीचा ओढा. मला नाणेघाटातला उलटा धबधबा आठवला. ट्र्युमेलबाख तर डोंगराच्या आतच कोसळतो. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ या तिन्ही शिखरांच्या हिमनद्यांचं पाणी एका फटीतून उतरतं, भर उन्हाळ्यात सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत. आवाज कानांत नव्हे, छातीत ऐकू येतो. अर्धी चढण लिफ्टने होते, पण पुढच्या पायऱ्या ओल्या असतात, काकूंचा हात धर.

संध्याकाळी म्युरेनला जा. तिथे मोटारी नाहीत. गाव १,६३८ मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून जेमतेम ८ मीटर खाली! जिथे आपण धापा टाकत पोचून देवीला नमस्कार करतो, त्या उंचीवर इथे बायका खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत असतात. आणि समोर तिन्ही शिखरं.

आता जे सांगायला खरं तर हे पत्र लिहितोय ते. चारांतला एक दिवस डोंगरापलीकडच्या फीश गावासाठी ठेव. श्पीत्स, ब्रिग करत आगगाडीने फीश, तिथून रोपवेने एगिसहॉर्न शिखराजवळ. युंगफ्राउयोखवरून आलेच हिमनदीचा फक्त उगम दिसतो. इथून आल्प्समधली ती सर्वांत लांब हिमनदी, साधारण २० किलोमीटर, वळण घेत पायाशी येते. एखादा हमरस्ता गोठून राहिलाय असं वाटतं.

तिथल्या लोकांनी १६७८ साली नवस केला होता, की ही हिमनदी वाढू नये. तेव्हा बर्फ पुढे सरकत होता, आणि बर्फाने अडवलेलं तळं फुटून गावांत पूर यायचे. पिढ्यानुपिढ्या ती प्रार्थना चालली. मग बर्फ मागे हटू लागला. दीडेकशे वर्षांत हिमनदी ३ किलोमीटरहून जास्त आखडली. शेवटी गावकऱ्यांनी पोपची परवानगी मागितली, आणि २०१० मध्ये ती मिळाल्यावर प्रार्थना उलटी झाली: हिमनदी वितळू नये. पाऊस ओढ देतो तेव्हा आपल्याकडे महादेवाला पाण्यात कोंडतात, ते आठवून मला गलबलून आलं. हिमनदीच्या वरच्या भागात कड्यावर गिर्यारोहकांचा कॉंकोर्डिया निवारा आहे. त्याच्या खालचा बर्फ इतका खचलाय, की हिमनदीवरून आलेल्यांना तिथे पोचायला आता चारशेहून जास्त पायऱ्यांचा लोखंडी जिना चढावा लागतो.

म्हणून सांगतो, खरेदीचा दिवस कापलास तरी चालेल, पण काकूंना आलेच हिमनदी दाखव. आपल्या नातवंडांना हे असं दिसणार नाही. काकू थकल्या तर एगिसहॉर्नच्या स्थानकाबाहेरच बसव, तिथूनही दिसतं. गरम कपडे आणि काळा चष्मा विसरू नकोस, बर्फावरचं ऊन डोळ्यांना फार टोचतं.

अप्पांनी तुला एक काम सांगितलंय. आयगरग्लेचरला गाडी उभी असेल तेव्हा रुळांमधल्या त्या दातेरी पट्टीचा जवळून फोटो काढून आण. आमचा हलला होता.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
सुध्या