बंटचा निर्णय निकालावरून तोलू नये

महोदय,

टोरांटो येथे १ नोव्हेंबर २०२५ रोजी झालेल्या बेसबॉल वर्ल्ड सिरीजच्या (उत्तर अमेरिकेतील मेजर लीग स्पर्धेच्या अंतिम मालिकेच्या) सातव्या, निर्णायक सामन्याकडे आपल्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही, आणि ते स्वाभाविकच होते, कारण दुसऱ्या दिवशी नवी मुंबईत भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला. तरीही त्या सामन्यातील अखेरच्या बंटविषयी, म्हणजे चेंडू न फटकावता हलकेच पुढ्यात पाडण्याविषयी, लिहावेसे वाटते.

अकराव्या इनिंगमध्ये लॉस एंजेलिसचा डॉजर्स संघ ५-४ असा पुढे होता. यजमान टोरांटो ब्लू जेजच्या व्लादिमिर गरेरो ज्युनियरने डबल मारून दुसरा बेस गाठला (चारही बेस पार केले की एक धाव होते), तेव्हा एकही खेळाडू बाद नव्हता. पुढच्या आयझाया काइनर-फलेफाने बॅट न फिरवता ती चेंडूला नुसती लावली, चेंडू पुढ्यातच पाडला आणि स्वतः बाद होऊन गरेरोला तिसऱ्या बेसवर पोहोचवले; हाच तो बंट. नंतर एक बॅटर चार बॉल (चुकीच्या जागी टाकलेले चेंडू) मिळून पहिल्या बेसवर गेला, अलेहांद्रो कर्कच्या फटक्यावर डबल प्ले झाला, म्हणजे एकदम दोघे बाद होऊन तिघे बाद झाले, डाव संपला आणि विजेतेपद हातचे गेले.

निकाल पाहून हा बंट चुकीचा ठरवणे सोपे आहे. मात्र मेजर लीगच्या अनेक वर्षांच्या आकडेवारीनुसार, धावपटू दुसऱ्या बेसवर आणि कोणीही बाद नसताना किमान एक धाव होण्याची शक्यता साधारण ६० टक्क्यांच्या थोडी वर असते. धावपटू तिसऱ्यावर आणि एक बाद असताना ती ६५ टक्क्यांच्या आसपास जाते, कारण तेथून खोलवर झेल गेला किंवा जमिनीवरून साधा चेंडू गेला तरी धाव निघू शकते. त्याच वेळी दोन किंवा अधिक धावांची शक्यता घटते. म्हणजे बरोबरी साधण्यासाठी बंट योग्य होता, थेट जिंकण्यासाठी नव्हे. शिवाय काइनर-फलेफा हा आधी बदली धावपटू म्हणून उतरलेला, मोठे फटके मारण्यासाठी नावाजलेला नसलेला खेळाडू होता. मला तो निर्णय समर्थनीय वाटतो.

पहिल्या बेसवरील धावपटूसाठी सामन्याच्या सुरुवातीलाच चांगल्या बॅटरकडून बंट करवून घेणे मात्र मला पटत नाही. तेथे त्या इनिंगमधील अपेक्षित धावा सरासरी ०.९ च्या आसपासवरून ०.७ च्या आसपास उतरतात, आणि हा हिशोबही बंट यशस्वी झाला असे गृहीत धरून केलेला आहे. पूर्वी मेजर लीगच्या दोन विभागांपैकी नॅशनल लीगमध्ये पिचर (चेंडू टाकणारे) स्वतः बॅटिंग करत, तेव्हा त्यांनी बंट करण्यात अर्थ होता. २०२२ पासून तेथेही डेझिग्नेटेड हिटर (पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणारा खेळाडू) आल्याने ते कारण उरले नाही. जपानमध्ये अजूनही बंटला मान आहे, आणि योमिउरी जायंट्सच्या मासाहिरो कावाईच्या नावावर ५३३ सॅक्रिफाइस बंट (स्वतः बाद होऊन सहकाऱ्याला पुढे नेणारे बंट) आहेत.

मेजर लीगच्या साखळी सामन्यांत २०२० पासून जादा इनिंग (नऊ इनिंगनंतर बरोबरी असल्यास होणारी) दुसऱ्या बेसवरील धावपटूनेच सुरू होते. तेथे बरोबरी असताना नंतर बॅटिंग करणाऱ्या यजमान संघाला एकच धाव पुरते, म्हणून त्याने बंट करणे रास्त आहे. पाहुण्या संघाने मात्र आधीच्या अर्ध्यात एका धावेवर समाधान मानू नये, कारण यजमानांनाही तोच धावपटू फुकट मिळणार असतो.

एक वाचक, ठाणे