पाटी काढू नका, पुरती लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी कार्यालये, महाविद्यालये, वाचनालये यांत वादग्रस्त माणसांच्या तसबिरी आणि कोनशिला असाव्यात की नसाव्यात, यावरून आमच्या सकाळच्या फिरायच्या मंडळींत सध्या रोज खडाजंगी होते. ज्या मैदानाला फेऱ्या मारत आम्ही भांडतो, त्याला सगळे नाशिक 'गोल्फ क्लब' म्हणते. त्याचे नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे. परवा क्रिकेटच्या सरावाला आलेल्या एका मुलाला विचारले, कान्हेरे कोण रे? 'जुने क्रिकेटपटू असतील ना, आजोबा?' मला फार वाईट वाटले. त्या मुलाचा यात काही दोष नाही. त्याला ही हकिगत कोणी सांगितलेलीच नाही.

२१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात नाशिकचे इंग्रज कलेक्टर जॅक्सन नाटकाला आले होते. मुंबईला बदली झालेली, निरोपाचे दिवस. तिथे अनंत कान्हेरेने त्यांना गोळ्या घातल्या. त्याच वर्षी स्वातंत्र्यवीर सावरकरांचे थोरले बंधू बाबाराव सावरकर यांना कविता छापल्याबद्दल जन्मठेप, काळे पाणी झाले होते आणि त्या कारवाईत जॅक्सन यांचा हात होता. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिली. कान्हेरे तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा होता.

आणि हेच जॅक्सन संस्कृत जाणणारे होते. लोक त्यांना 'पंडित' म्हणत. कोकण आणि गुजरातमधल्या लोकसमजुती, व्रते, भुताखेतांच्या गोष्टी यांची त्यांनी जमवलेली माहिती त्यांच्या मृत्यूनंतर ग्रंथरूपाने निघाली. ती पुरवणारे बरेचसे गावोगावचे शाळामास्तर होते, म्हणजे माझेच पूर्वसुरी. मी इतिहास शिकवत असताना वर्गात हे दोन्ही सांगायचो. दरवर्षी कोणीतरी विचारायचेच, 'सर, एवढा विद्वान होता तर मारले कशाला?' मी म्हणे, माणूस विद्वान होता, पण खुर्ची परक्या सत्तेची होती आणि कविता छापणाऱ्याला अंदमानच्या वाटेला लावण्यात त्या खुर्चीचा वाटा होता. कान्हेरे माझ्या लेखी हुतात्माच आहे. पण त्या रात्री एका घरावर आभाळ कोसळले, हेही मी मुलांपासून कधी लपवले नाही. मुले दोन्ही बाजू ऐकून घेत, गप्प बसत, घरी जाऊन आजोबांना विचारत.

काढून टाका म्हणणाऱ्यांनी एकदा आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांच्या, त्या प्राचीन बौद्ध लेण्यांच्या, पायऱ्या चढाव्यात. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा, म्हणजे इथे राज्य करणाऱ्या शक राजाचा, जावई उषवदात याने केलेल्या दानांचे लेख आहेत. पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचे राज्य मोडले. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये नहपानाची १३ हजारांहून अधिक नाणी सापडली. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातकर्णीने आपला छाप मारलेला आहे. पण पांडवलेण्यांतले उषवदाताचे लेख त्याने छिन्नीने उडवले नाहीत. उलट तिसऱ्या लेण्यात त्याचा स्वतःचा आदेश कोरलेला आहे, त्यात भिक्षूंना २०० निवर्तने (निवर्तन हे जमिनीचे जुने माप) जमीन देताना 'आजवर उषवदाताकडे असलेले शेत' असा उल्लेख आहे. त्याच लेण्यात त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, निर्वंश करणारा म्हणून मुलाचा गौरव केला आहे. जिंकलेला आणि हरलेला, दोघेही आज आपल्याला वाचता येतात. नाणे रोजच्या व्यवहाराचे, ते बदलले. लेख राहू दिले.

मला ही विभागणी पटते. कचेरीत माणूस हौसेने जात नाही. सातबाऱ्यासाठी, जातीच्या दाखल्यासाठी त्याला तिथे उभे राहावेच लागते. आपल्या आजोबा-पणजोबांना ज्याने छळले त्याच्या हार घातलेल्या तसबिरीखाली त्याने रांगेत का उभे राहावे? २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिराच्या दाराशी ज्या दलितांनी मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह केला, त्यांची नातवंडे याच शहरात राहतात. दार अडवणाऱ्यांपैकी कोणाचा पुतळा सार्वजनिक संस्थेत उभा करायचे ठरले, तर मी पहिला विरोध करीन. पण संग्रहालयात, ग्रंथालयात, शाळेच्या इतिहासाच्या खोलीत त्या माणसांची नावे, त्यांची म्हणणी, त्यांची पत्रे असलीच पाहिजेत. नाहीतर सत्याग्रह कोणाविरुद्ध होता हे मुलांना कळणार कसे?

मला खरी भीती आहे ती गुपचूप काढण्याची. मी ज्या संस्थेत नोकरी केली तिथे जिन्याजवळ इंग्रजी अमदानीतल्या एका अधिकाऱ्याची संगमरवरी पाटी होती. एका मे महिन्यात रंगकाम निघाले, पाटी खाली उतरली आणि परत लागलीच नाही. ना ठराव, ना पत्र, ना कोणाची सही. दोन वर्षांनी भांडारात मोडक्या बाकांमागे तिचे तीन तुकडे मला दिसले. त्या माणसाने काय बरे केले, काय वाईट केले, हे त्या संस्थेत आता कोणालाच ठाऊक नाही. तिथे शिकवूनही मी ते वेळेवर लिहून ठेवले नाही, याची खंत आजही जात नाही.

म्हणून महापालिकेला आणि शहरातल्या संस्थाचालकांना माझी विनंती आहे. जुने काही हलवायचे असेल तर आधी त्याचा फोटो काढा, मजकूर उतरवून घ्या, कारण लिहा, खाली नाव-तारीख टाका आणि वस्तू संग्रहालयाकडे पाठवा. नवे काही उभारायचे असेल तर नुसत्या नावावर थांबू नका. सुरुवात कान्हेरे मैदानापासून करावी. मुले सायकली लावतात त्या जागी, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, मोठ्या अक्षरांतली मराठी पाटी हवी. तिच्यावर विजयानंदमधली ती रात्र असावी, बाबारावांची शिक्षा असावी, जॅक्सन कोण होते हे असावे, ठाण्याला फासावर गेलेल्या तिघांची नावे असावीत आणि कान्हेरेच्या नावापुढे त्याचे वय. मजकूर लिहून द्यायला मी विनामूल्य तयार आहे.

— एक निवृत्त इतिहास शिक्षक, पंचवटी, नाशिक