विषय : सॉफ्टवेअर बदलल्यापासून एपिथेलियमच्या नकाशात येणारे चुकीचे आकडे

प्रति,
व्यवस्थापक, सेवा विभाग

महोदय,

आज दुपारी आपल्या सेवा केंद्राशी फोनवर झालेल्या सहाव्या संभाषणानंतर हे पत्र लिहीत आहे, कारण सातवे करण्याची माझी तयारी नाही. निपाणीतील माझ्या नेत्र दवाखान्यातील ओसीटी यंत्राचे, म्हणजे प्रकाशाने डोळ्याची छेदचित्रे काढणाऱ्या यंत्राचे, सॉफ्टवेअर आपल्याच अभियंत्याने बदलून दिल्यापासून केराटोकोनसच्या, म्हणजे कॉर्निया (डोळ्याचा पारदर्शक पडदा) पातळ होऊन पुढे येण्याच्या आजाराच्या, रुग्णांमध्ये कॉर्नियाच्या वरच्या थराची, म्हणजे एपिथेलियमची, जाडी चुकीची दिसते. निरोगी डोळ्यात आकडे बरोबर येतात. कॉर्निया जिथे शंकूसारखा पुढे आलेला असतो, नेमका तिथे एपिथेलियमचा खालचा काठ यंत्राला सापडत नाही, रेषा खाली घसरते आणि नकाशा निरोगी डोळ्यासारखा दिसू लागतो. शंकूच्या टोकावर हा थर पातळ होतो व भोवती कड्यासारखा जाड होतो, त्यामुळे सुरुवातीचा फुगवटा कॉर्नियाच्या पृष्ठभागाच्या मापनात, म्हणजे टोपोग्राफीत, झाकला जातो, म्हणून तर हा नकाशा लागतो, हे मी आपल्याला सांगावे असे नाही. आपल्या माहितीपत्रकातच ते छापले आहे.

गेल्या आठवड्यात चिकोडी तालुक्यातून 17 वर्षांचा एक विद्यार्थी आला. सर्वांत पातळ जागी कॉर्नियाची एकूण जाडी 440 मायक्रॉन होती. यंत्राने तिथे एपिथेलियम 53 दाखवले. त्याच छेदचित्रावर मी स्वतः कॅलिपर लावून मोजले, तेव्हा 38 आले. हे मी आज आपल्या प्रतिनिधीला सांगितले, तेव्हा तो आधी म्हणाला, "पेशंटने डोळा मिचकावला असेल." तीनदा स्कॅन केल्याचे मी सांगितले. मग, "थेंब घातले असतील." थेंब स्कॅननंतर घातले होते. मग, "लेन्स वापरत असेल." त्याने लेन्स कधी लावलीच नव्हती. त्यावर वरिष्ठांना विचारतो म्हणून त्याने मला नऊ मिनिटे संगीत ऐकवले, आणि परत येऊन अत्यंत नम्रपणे विचारले, "पण सर, क्रॉस-लिंकिंगच्या वेळी हा थर तुम्ही खरवडूनच काढता ना? मग तो मोजून काय करायचं?"

महोदय, काढायचा असतो म्हणूनच तो मोजायचा असतो. क्रॉस-लिंकिंगमध्ये कॉर्निया बळकट करण्यासाठी सोडलेल्या अतिनील किरणांपासून आतल्या पेशी सुरक्षित राहाव्यात यासाठी नेहमीच्या पद्धतीत थर काढल्यावर किमान 400 मायक्रॉन कॉर्निया शिल्लक लागतो. 440 मधून आपले 53 वजा केले तर 387 उरतात, माझे 38 वजा केले तर 402. वजाबाकी प्राथमिक शाळेतली आहे. आपल्या वरिष्ठांनाही जमावी. आपल्या आकड्यावर विसंबलो असतो तर या मुलाला नेहमीच्या उपचारासाठी अपात्र ठरवून परत पाठवले असते.

आता दुरुस्तीविषयी. कोल्हापूर येथील आपले कार्यालय येथून तासाभराच्या अंतरावर आहे, परंतु माझा जीएसटी क्रमांक 29 ने, म्हणजे कर्नाटकाच्या संकेतांकाने, सुरू होत असल्याने मी त्यांचा ग्राहक नाही असे ते म्हणतात. बेंगळुरूचे कार्यालय म्हणते की पाचशे किलोमीटरांहून दूर अभियंता पाठवणे परवडत नाही, कोल्हापूरला विचारा. येथील सीमाप्रश्न 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत यंत्र तसेच ठेवायचे असल्यास तसे लेखी कळवावे. यंत्र विकायला मात्र कोल्हापूरचाच माणूस आला होता, आणि तेव्हा वाटेतली दूधगंगा नदी त्याच्या आड आली नव्हती.

वार्षिक देखभाल कराराचे पैसे मी मुदतीपूर्वी भरले आहेत. एपिथेलियमच्या मोड्यूलसाठी वेगळे पैसे दिले आहेत. ते निरोगी डोळ्यातच चालणार असेल तर, पुन्हा सांगतो, मला त्याचा काडीचा उपयोग नाही. या विद्यार्थ्याची तिन्ही छेदचित्रे, नाव काढून, सोबत जोडली आहेत. पंधरा दिवसांत जुनी सॉफ्टवेअर आवृत्ती परत बसवून द्यावी अथवा मोड्यूलची पूर्ण रक्कम परत करावी. अन्यथा पुढचा पत्रव्यवहार माझे वकील करतील. दरम्यान आजची तक्रार "समाधानकारकरीत्या निकाली" निघाल्याचा जो संदेश फोन ठेवताच मला आला, तो मागे घ्यावा.

आपला,
नेत्रतज्ज्ञ, निपाणी