मंदारला पत्र: एओर्टामागची शीर

पुणे

प्रिय मंदार,

तुझं पत्र मिळालं. तुमच्याकडे आता एओर्टाचे, म्हणजे पोटातल्या मुख्य धमनीचे, सीटी स्कॅन बरेच येऊ लागलेत, तर रिपोर्टमध्ये सर्जनला नेमकं काय हवं असतं, असं तू विचारलंस. अन्युरिझमचा, म्हणजे धमनीला आलेल्या फुग्याचा व्यास, मानेची, म्हणजे फुग्याच्या वरच्या न फुगलेल्या भागाची लांबी हे तू लिहितोसच. माझं मागणं एवढंच, की शिरांवरही एक ओळ लिहीत जा.

डावी रीनल व्हेन, म्हणजे डाव्या किडनीची शीर, बहुतेकांत एओर्टाच्या पुढून आयव्हीसीकडे, म्हणजे उजव्या बाजूच्या मुख्य शिरेकडे जाते. पोट उघडल्यावर तिच्याच खुणेनं आम्ही अन्युरिझमची मान शोधतो. शंभरातल्या दोन-तीन माणसांत मात्र ती एओर्टाच्या मागून, मणक्याला लागून जाते आणि बरेचदा तिरकी खाली उतरते. रक्त थांबवणारा चिमटा, म्हणजे क्लॅम्प, लावण्यासाठी एओर्टाच्या मागून बोट फिरवलं की ती फाटू शकते. रक्त भराभर वर येतं आणि भोक एओर्टाआड असल्यानं दिसत नाही. टाका घालायला कधी एओर्टाच कापून बाजूला करावा लागतो. खरं सांगतो, धमनीच्या रक्तस्रावाची मला इतकी भीती वाटत नाही.

याहून फसवी असते ती दुहेरी शीर, एक फांदी पुढून आणि एक मागून. पुढे शीर नसेल तर निदान संशय तरी येतो. इथे पुढची दिसते आणि सर्जन निर्धास्त होतो. गर्भाच्या सहाव्या ते आठव्या आठवड्यात एओर्टाभोवती शिरांचं कडंच असतं. त्याची मागची बाजू विरून जायची, ती यांच्यात राहून जाते.

आयव्हीसी डावीकडे असणं किंवा दोन असणं आणखी दुर्मीळ. डावी आयव्हीसी रीनल व्हेनच्या पातळीला एओर्टा ओलांडून उजवीकडे जाते, म्हणजे ऐन क्लॅम्पच्या जागी. इथे तुझी नजर लागते. आर्टेरियल फेजमध्ये, म्हणजे टोचलेलं औषध (कॉन्ट्रास्ट) धमन्यांत असतानाच्या स्कॅनमध्ये, किडनीखालच्या आयव्हीसीत कॉन्ट्रास्ट पोचलेला नसतो, त्यामुळे एओर्टाशेजारचा तो करडा गोल लिम्फ नोडच्या गाठीसारखा दिसतो. स्लाइस वर-खाली करून बघ. सलग नळी रीनल व्हेनला मिळाली, तर ती शीर आहे.

आधी कळलं तर उपाय सोपा आहे. एओर्टाला वेढा घालायचाच नाही. दोन्ही बाजू मणक्यापर्यंत मोकळ्या करून क्लॅम्प पुढून मागे उभा लावायचा.

१९९० मध्ये सर्जन पारोदींनी ब्यूनॉस आयर्सला पोट न उघडता धमनीच्या आतून ग्राफ्ट, म्हणजे कृत्रिम नळी, बसवला, तेव्हापासून उघडी शस्त्रक्रिया कमी होत गेली. आता आमच्याकडे उघडायला उरतात त्यांत आखूड मानेचे बरेच, म्हणजे रीनल व्हेनला अगदी खेटून काम. आणि नव्या मुलांना हाताखाली केसेस कमी मिळतात. म्हणून तुझ्या ओळीचं मोल वाढलंय.

अन्युरिझम नसलेल्यांच्या रिपोर्टमध्येही ती लिही. मूतखड्यासाठी स्कॅन झालेला माणूस काही वर्षांनी फुटलेला अन्युरिझम घेऊन मध्यरात्री येऊ शकतो. तेव्हा पोटात सगळीकडे रक्त साकळलेलं असतं, शीर शोधायला वेळ नसतो. नातेवाइकांच्या पिशवीतला तुझा जुना कागदच मग कामाला येतो.

वहिनींना नमस्कार. दिवाळीत येतोयस ना? येताना दोन-तीन शंकेचे स्कॅन घेऊन ये, बसून बघू.

तुझा,
श्रीधर