नांतहून मीनलला

नांत, फ्रान्स

प्रिय मीनल,

सप्रेम नमस्कार. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. पण हे तुलाच लिहायचं होतं, कारण विषय फिरून तुझ्या कापडापाशी येतो.

इथे ल्वार नदीच्या जुन्या धक्क्यावर गुलामगिरी निर्मूलनाचं स्मारक आहे. कलावंत क्रिस्टोफ वोदिच्को आणि वास्तुरचनाकार ज्युलियन बोंडर यांनी केलेलं, २०१२ साली खुलं झालेलं. स्मारक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चौथरा, पुतळा, हार येतात. इथे वर फक्त फरसबंदी आहे आणि तिच्यात बसवलेल्या काचेच्या २००० छोट्या पट्ट्या. १७१० पट्ट्यांवर या बंदरातून निघालेल्या सफरींची नोंद आहे: जहाजाचं नाव आणि साल. उरलेल्या २९० वर आफ्रिकेतल्या, अमेरिकेतल्या आणि वाटेतल्या बंदरांची नावं. ती वाचायला मान खाली घालावीच लागते. नांतच्या जहाजांनी साडेपाच लाखांच्या आसपास माणसं आफ्रिकेतून नेली. फ्रान्समधलं दुसरं कुठलंही बंदर याच्या जवळपास येत नाही.

नावं जहाजांची आहेत, माणसांची नाहीत, हे मला फार लागतं. मालकांच्या हिशेबवह्या राहिल्या, म्हणून जहाजांची नावं राहिली. माणसांची वहीत नुसती संख्या. स्मारक घडवणाऱ्यांनी खोटी नावं घालून ती पोकळी भरली नाही, हे मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं.

जिन्याने खाली उतरलं की धक्क्याच्या पोटातून जाणारा लांब बोळ लागतो. एका बाजूला तिरकी काचेची भिंत, तिच्यावर अनेक देशांतले, अनेक शतकांतले उतारे आणि ‘स्वातंत्र्य’ हा शब्द ४७ भाषांत. दुसऱ्या बाजूला खांबांच्या फटींतून नदी. भरतीच्या वेळी पाणी अगदी जवळ येतं आणि आत आवाज घुमतो.

हे सहजासहजी झालेलं नाही. १९९८ मध्ये, फ्रान्सने गुलामगिरी रद्द केल्याला दीडशे वर्षं झाली म्हणून, याच धक्क्यावर एक पुतळा उभारला होता. काही दिवसांतच कुणीतरी त्याची मोडतोड केली. त्यानंतर त्याच वर्षी नगरपालिकेने कायमचं स्मारक करायचं ठरवलं.

आता कापड. गुलाम विकत घ्यायला ही जहाजं पैसा नव्हे, माल घेऊन जात आणि त्यात मोठा वाटा कापडाचा असे. कोरोमंडल किनाऱ्यावरची छापील चिटं, पाँडिचेरीकडचं निळं सुती कापड. फ्रान्समध्ये १६८६ पासून १७५९ पर्यंत अशा छापील कापडावर बंदी होती. ती उठल्यावर नांतमध्येच छापखाने निघाले आणि आपल्याकडच्या नक्षीची नक्कल करून माल आफ्रिकेला जाऊ लागला. ज्या बुट्ट्या आणि वेली तू इतक्या मायेने जपतेस, त्यांच्या मोबदल्यात माणसं विकली गेली. ज्यांनी ते विणलं, छापलं, त्यांना याचा पत्ताही नसणार. तरी मन खातं.

किल्ल्यातल्या संग्रहालयात ‘मारी-सेराफिक’ या नांतच्या जहाजाची अठराव्या शतकातली जलरंगातली चित्रं आहेत. एकात जहाज काप-फ्रान्सेला, म्हणजे आजच्या हैतीतल्या बंदरात, नांगरलंय, विक्रीचा पहिला दिवस आहे. डेकच्या एका भागात कैद केलेली माणसं, मध्ये अडसर आणि मागच्या टोकाला नटूनथटून आलेली गोरी मंडळी जेवतायत. चित्रकाराने हे काही टीका म्हणून काढलेलं नाही. त्याच्या लेखी तो एक चांगला दिवस होता. मी त्या चित्रापुढून लवकर हलू शकले नाही.

तुझ्या ओळखीच्या छिप्यांपैकी, म्हणजे ठशांनी कापड छापणाऱ्यांपैकी, कुणाकडे आफ्रिकेसाठी छापल्या जाणाऱ्या जुन्या नक्षीचे ठसे आहेत का, एवढं विचारून ठेव. असले तर फोटो पाठव. इथल्या नमुन्यांशी ताडून बघते. आणि उन्हाळ्यात ये. १० मेच्या आधी आलीस तर उत्तम, त्या दिवशी इथे स्मृतिदिन पाळतात आणि आपल्याला दोघींना जाता येईल.

काकूंना नमस्कार.

तुझी,
अनघा