सेंटर स्पीकरला बोलतं केलंत, दादा, मनापासून आभार

दादा, तुम्ही आमचा होम थिएटरचा सेट दुरुस्त करून गेलात, हे पत्र खरंतर त्याच रात्री लिहायचं होतं, पण तेव्हा नुसतं धन्यवाद धन्यवाद एवढंच लिहिलं गेलं असतं. आता जरा शांतपणे लिहितेय. शांतपणे म्हणतेय खरं, पण आठवलं की अजूनही गळा दाटून येतो. तुमचं नाव टाकत नाही कारण जाताना तुम्हीच म्हणालात की कुणाला सांगत बसू नका. नाव नाही सांगत, बाकी सगळं सांगणारे.

आमच्याकडे ५.१ चा सेट आहे, टीव्हीचा आवाज स्पीकरांना वाटून देणारा रिसीव्हर, पाच स्पीकर, आणि घुमणाऱ्या आवाजासाठी एक सबवूफर. गाडी उडाली, बॉम्ब फुटला की खिडक्यांच्या काचा वाजायच्या आणि माणसं बोलायला लागली की सगळं तोंडातल्या तोंडात पुटपुटल्यासारखं. आवाज वाढवावा तर पुढच्याच सीनला दचकायला व्हायचं. बाबांना वयामुळे कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांना तर काहीच लागत नव्हतं. मग ते हळूहळू हॉलमध्ये बसेनासेच झाले. तुम्ही बघा, मला झोप येतेय म्हणायचे आणि आत जाऊन जागेच पडून राहायचे. ज्या माणसाने मला सिनेमा बघायला शिकवलं तो माणूस आमच्याच घरात सिनेमा चालू झाला की उठून जायला लागला, हे मला फार लागायचं हो.

तुमच्याआधी जे जे आले त्यांच्याबद्दल राग आहे आणि तो मी लपवणार नाही. एकाने आल्या आल्या रिसीव्हर जुना झालाय, काढून टाका सांगितलं. दुसरा म्हणाला सेंटर स्पीकरमध्ये, म्हणजे मधल्या स्पीकरमध्ये, दम नाही. आणखी एकाने छातीठोकपणे सांगितलं की ई-एआरसी, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरने रिसीव्हरला द्यायची नवी सोय, नसेल तर ५.१ विसराच. बरं, सांगायचं ते सांगा, पण निदान ऐका तरी! कुणीही सलग पाच मिनिटं बसून ऐकलं नाही. वर एकाने बाबांच्या समोर, बाबांना ऐकू जाणार नाही असं धरून, मला म्हटलं की यांच्या कानाचाच प्रॉब्लेम आहे, सेटला का दोष देता. बाबांना ते बरोबर ऐकू गेलं होतं.

आणि मग तुम्ही आलात. पिशवी खाली ठेवली आणि पहिलं काय विचारलंत तर, काका, तुम्ही कुठे बसता? मला नाही, बाबांना. बाबांनी खुर्ची दाखवली तर तुम्ही तिच्यात बसलात, आणि तुमची उंची जास्त म्हणून चक्क खाली घसरून बसलात, तुमचे कान त्यांच्या कानांच्या जागी येईपर्यंत. आणि तसेच अवघडून बसून एक अख्खा सीन ऐकलात. मग मान हलवून म्हणालात, काका, तुमचं बरोबर आहे, इथे खरंच काही कळत नाही.

दादा, तुम्हाला कदाचित हे आठवणारही नाही. पण बाबांचा चेहरा मी बघत होते. इतके महिने आपलेच कान गेले असं समजून गप्प बसलेल्या माणसाला कुणीतरी त्याच्याच जागेवर बसून म्हणालं की तुमचं बरोबर आहे. मला त्या क्षणी सेट दुरुस्त नसता झाला तरी चाललं असतं.

पण झाला. कारण इतकं साधं निघालं की आधीच्यांचा राग दुप्पट झाला. टीव्हीचा आवाज ऑप्टिकल वायरने जात होता आणि टीव्हीचं सेटिंग पीसीएमवर, म्हणजे रिसीव्हरला डावा-उजवा असे आवाजाचे दोनच चॅनल मिळत होते आणि ज्याच्यातून माणसं बोलतात तो सेंटर स्पीकर मुका उभा होता. ज्या स्पीकरमध्ये दम नाही म्हणाले त्याला आवाज पोचतच नव्हता! तुम्ही ती काढून एचडीएमआय वायर एआरसी (ई-एआरसीची आधीची सोय) लिहिलेल्या पोर्टला लावलीत, आउटपुट बिटस्ट्रीम केलात, म्हणजे टीव्हीने आवाज न उलगडता तसाच रिसीव्हरकडे पाठवायचा, झालं. एआरसी २००९ पासून आहे आणि स्ट्रीमिंगच्या सिनेमांचा ५.१ आवाज ज्यात येतो ते डॉल्बी डिजिटल प्लस त्यातून आरामात जातं, ई-एआरसी लागतं ते ब्लू-रेचा लॉसलेस, म्हणजे काहीच न गाळलेला आवाज टीव्हीमधून पाठवायचा असेल तर, हेही तुम्ही बाबांना समजेल अशा भाषेत सांगितलंत. सेंटर स्पीकर खालच्या कप्प्यात आत ढकललेला होता, तो पुढे ओढून तोंड वर केलंत. रिसीव्हर स्पीकरांचा आवाज ज्याने मोजून जुळवतो तो माइक आधी कुणीतरी टीव्हीच्या कपाटावरच ठेवून मोकळा झाला होता, तो तुम्ही खुर्चीत बाबांच्या कानाच्या उंचीवर धरवलात.

शेवटी तर कमालच केलीत. रिमोट बाबांच्या हातात दिलात, स्वतः खाली जमिनीवर बसलात, तोच संवाद परत परत लावलात आणि म्हणालात, काका, बोलणं नीट कळेल तिथे थांबा, मी काही बोलणार नाही. आणि खरंच काही बोलला नाहीत. बाबा सेंटरचा आवाज वर नेतायत, खाली आणतायत, परत वर, आणि थांबले साडेतीन डेसिबलवर. मी कधीच तिथे थांबले नसते. पण खुर्ची त्यांची, कान त्यांचे.

नवीन घ्यायचं तर तुम्ही फक्त सबवूफर सुचवलात आणि तोही घाई नाही म्हणून. मग तो आल्यावर परत आलात, त्याला खुर्चीच्या जागी ठेवून स्वतः भिंतीकडेने रांगत कान लावत फिरलात आणि जिथे बास घुमत नव्हता तिथे त्याची जागा केलीत. विकायचं काही नसताना इतकं कोण करतं हो? ज्ञान पुष्कळांकडे असतं, आधी आलेल्यांकडेही थोडंफार असेलच. पण समोरचा म्हातारा माणूस खरं सांगतोय असं धरून सुरुवात करणारी माणसं फार कमी भेटतात, मग ती डॉक्टर असोत, मेकॅनिक असोत नाहीतर घरचीच असोत.

बाबा आता आधी जाऊन बसतात आणि मला हाक मारतात. त्यांचा निरोप आहे, जसाच्या तसा लिहितेय: सबवूफर रात्रीच्या वेळी अजून थोडा कमी हवाय, पण कमी मी स्वतः करणार, त्याने फक्त कुठलं बटण ते सांगावं. फोन करतील, उचला.